गयाबाईंचा पाय

"याला आजच्या आज घ्यायचा," असं म्हणत धामणेसरांनी त्यांचा फोन माझ्या टेबलावर, माझ्या डब्याला लागून ठेवला. डबा उघडा होता. फोनच्या पडद्यावर एक पाय होता.

मी डब्याला झाकण लावलं.

"जेव, जेव. पाय काही पळून जात नाही," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

आमची कंपनी मधुमेहावरचं चूर्ण विकायची. नाशिकला गंगापूर रोडवर एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस होतं. खपाचा सगळा भार बाहेरच्या माणसांवर होता. ज्याच्या फेसबुकच्या पानाला किंवा यूट्यूब चॅनेलला बघणारे भरपूर, त्याने आमच्या चूर्णाची लिंक लावायची. त्या लिंकवरून कोणी चूर्णाचा डबा मागवला की त्याला टक्केवारी. अशा माणसाला अॅफिलिएट म्हणत. अर्ज ढिगाने यायचे. त्यांतून कोण खरा, कोण खोटा हे बघून मंजुरी द्यायची, हे माझं काम. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. मुलाखतीत धामणेसर म्हणाले होते, "डिग्री वेबसाइटवर चांगली दिसते."

एका अर्जदाराने स्वतःच्या बापाच्या अंत्यदर्शनाचा फोटो लावून खाली लिहिलं होतं, 'वेळेत चूर्ण घेतलं असतं तर.' एका बाईने निरनिराळ्या नावांनी अर्ज केले होते. नावं वेगळी, गावं वेगळी, मांडीवरचं गुटगुटीत बाळ मात्र एकच. मी हे सगळं नाकारायचे आणि कारण एका ओळीत लिहायचे. संध्याकाळी घरी गेले की आधी हात धुवायचे. हात कशाला लागलेला नसायचा, तरी.

"सिन्नरचा पोरगा आहे. गोरक्ष गोजरे," धामणेसर म्हणाले. "पानाचं नाव बघ, 'सेवा आईची'. बघणारे बघ किती आहेत. आईचा पाय सडला होता, आपल्या चूर्णाने बरा झाला. फोटो आहेत, क्रमाने. दिवाळीची मोहीम याच्यावर काढू."

"बघते."

"बघ नाही, टिक कर."

"व्हिडिओ कॉल झाल्याशिवाय मंजुरी देत नाही ना सर आपण."

"तो नियम तूच केलायस, कुलथे."

"हो."

त्यांनी खांदे उडवले आणि गेले. मी डबा पिशवीत ठेवला आणि फोटो संगणकावर मोठे करून बघायला बसले.

फोटो चार होते. चारही एकाच खोलीतले, त्याच लाकडी पाटावर ठेवलेला तोच डावा पाय. पहिल्याखाली लिहिलं होतं, 'चूर्ण घेण्याआधी'. त्यात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कोळशासारखं काळं होतं आणि काळेपणाच्या कडेने तळव्याकडे लाल, ओली जखम पसरली होती. दुसऱ्यात काळेपणा फक्त करंगळीला. तिसऱ्यात करंगळीशी एक उघडा व्रण. चौथ्याखाली लिहिलं होतं, 'आज. देवाची आणि आईची कृपा.' त्यात स्वच्छ पाय होता आणि करंगळीच्या बाजूला नव्या चपलेने यावा तेवढा एक फोड.

जखम खरी होती. ती कुठून उचललेली नव्हती. पायाच्या घोट्यावर एक तीळ होता, तो चारही फोटोंत जागच्या जागी होता. मी मंजुरीच्या रकान्याकडे जवळजवळ वळलेच होते.

मग माझं लक्ष अंगठ्याकडे गेलं. अंगठा चारही फोटोंत शाबूत होता, आणि त्याच्या नखावर मेंदी होती.

मेंदीचा रंग कातडीवरून आठ-पंधरा दिवसांत जातो. नखावरचा जात नाही. तो नखातच मुरतो आणि नख वाढेल तसा पुढे सरकत जातो. मागून कोरं नख येतं. लग्नात पायाला मेंदी लावलेल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. अंगठ्याचं नख सावकाश वाढतं, त्यामुळे ते तांबडं अर्धवर्तुळ महिनोन् महिने नखाच्या टोकाशी रेंगाळत राहतं.

'आज' असं लिहिलेल्या फोटोत अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत तांबडं होतं. 'चूर्ण घेण्याआधी'च्या फोटोत फक्त टोकाशी एक तांबडी कड उरली होती. मधल्या दोन फोटोंत ती एकेक पायरीने रुंद होत गेली होती; नवी मेंदी लावली असती तर नख एकदम रंगलं असतं.

मी खुर्ची मागे सारली. नखं मागे वाढत नाहीत.

धामणेसरांच्या केबिनमध्ये जाऊन मी त्यांना ते दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं कौतुक उमटलं.

"कमाल आहेस तू. म्हणजे फोटो उलटे लावलेत पठ्ठ्याने."

"हो."

"नखं कोण बघतं पण? तुझ्याशिवाय?" त्यांनी चष्मा खाली घेतला. "एक काम कर. डिझाइनवाल्याला सांग, अंगठा कापून घे फोटोतून. जखम तेवढी राहू दे."

"सर, उलटे लावलेत म्हणजे पहिला फोटो शेवटचा आहे."

"कळलं की."

"म्हणजे त्या बाईंचा पाय आत्ता तसा आहे. आज. कुजणं वर चढतंय. पाय जाईल, नाहीतर बाई जातील."

 मी काहीतरी अनाठायी बोलले असावे, जेवताना कोणी संडासाचा विषय काढावा तसं, असा त्यांचा चेहरा झाला.

"आपण दवाखाना चालवतो का?" ते म्हणाले. "कॉल कर त्याला. दोन प्रश्न विचार आणि टिक कर. आणि हे नखाचं बाहेर बोलू नकोस."

मी कॉल केला. गोरक्ष गोजरे तिशीचा, गोरा, कपाळाला अष्टगंध लावलेला माणूस होता. आवाज मऊ. प्रत्येक वाक्यात ताई.

"आईंना बोलवता का? पाय बघायचा होता."

"आईचा आत्ताच डोळा लागलाय, ताई. रात्री भजन ऐकत बसते ना."

"मग मी उद्या घरी येते. प्रत्यक्ष बघून मंजुरी देते."

त्याचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. तो खुलला. "या की ताई. कंपनीची माणसं घरी येणार म्हणजे आमचं भाग्यच. मी लाइट-बिइट लावून ठेवतो."

सकाळच्या एसटीने मी सिन्नरला गेले. घर बिडी कामगारांच्या वस्तीत होतं, बैठं, दाराला नवा निळा रंग दिलेलं. गोरक्ष दारात उभा होता. त्याने मला वाकून नमस्कार केला.

आत पाऊल टाकलं आणि मला वास आला. उदबत्त्यांचा जुडगा जळत होता, कापूर जळत होता, आणि त्यांच्या खालून तो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही हवेशिवाय जगणारे जिवाणू बंद डब्यात वाढवायचो. डब्याचं झाकण काढलं की पहिल्या क्षणी जो भपका यायचा, तोच हा. तेव्हा आम्ही नाकाला रुमाल लावून हसायचो.

खोलीत एक गोल दिवा तिपाईवर लावलेला होता. त्याच्यासमोर खाट, खाटेमागे भिंतीवर देवाचं मोठं चित्र आणि झेंडूची माळ. खाटेवर गयाबाई बसल्या होत्या. अंगावर नवं इरकली लुगडं, पायावर शाल.

"आई, कंपनीच्या मॅडम आल्यात."

"ये बाई, बस. पाणी दे रे तिला." त्यांनी मान माझ्या दिशेने वळवली, पण नजर माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी गेली. "मला आता दिसत नाही नीट. सावली हलते तेवढं कळतं. साखरेनं डोळे नेले."

"पाय कसा आहे, मावशी?"

"बरा झाला की. आधी ठणकायचा, झोप नव्हती. आता काहीच नाही, बघ. दुखतबिखत नाही." त्या हसल्या. "दुखत नाही म्हणजे बराच ना?"

मी गोरक्षकडे बघितलं. तो मान हलवत होता, बराच म्हणून.

"सिंधू, माझी लेक, ती फोनवर फोटो बघते संगमनेरला," गयाबाई सांगत होत्या. "म्हणते, आई, पाय पहिल्यासारखा झाला तुझा. तिच्याच पोरीच्या लग्नात नव्या चपला घातल्या आणि फोड आला होता. आणि लोक तरी किती चांगले. गोरक्ष वाचून दाखवतो मला. कुठून कुठून लिहितात, आजी, शंभर वर्षं जगा."

"गोळ्या घेता का डॉक्टरांच्या?"

"त्या कधीच बंद केल्या त्यानं. चूर्णावरच आहे मी."

मी गोरक्षला म्हटलं, "जरा बाहेर या."

ओट्यावर आल्यावर मी आवाज खाली ठेवून म्हटलं, "फोटो उलटे लावलेत तुम्ही."

तो गडबडला नाही. उलट, कोणीतरी आपल्या धंद्यातलं बोलणारं भेटलं, असं त्याला वाटलेलं दिसलं.

"आधी सुलटेच लावले होते ताई. एकेक करून, जसा पाय होत गेला तसे. काय उपयोग? लोक शिव्या घालायला लागले. म्हणे, आईला दवाखान्यात ने, नालायका. मग ते पान बंद केलं, नवं काढलं आणि उलटे लावले. एका आठवड्यात कुठल्या कुठे गेलं."

"लोक म्हणाले दवाखान्यात ने. मग?"

"मग काय?"

"नेलं नाहीत."

तो माझ्याकडे समजुतीने बघायला लागला, जणू मी एखादी साधी गोष्ट उगाच अवघड करत होते.

"ताई, दवाखान्यात नेलं की ते कापणार. आता तुम्हीच सांगा, कापलेल्या पायाखाली कोण लिंक दाबतं?"

ओट्याच्या कठड्याला मी हात टेकला.  समोरच्या घरातली बाई दारात बसून सुपातली तेंदूची पानं कातरत होती. मी तिच्या कात्रीकडे बघत राहिले.

"तिला काही बोलू नका हं आत," तो म्हणाला. "उमेद आहे तिची. आनंदात आहे बिचारी."

मी आत गेले. "मावशी, तुम्ही स्वतः हात लावून बघितलात का पायाला?"

"नाही लावू देत गोरक्ष. जंतू जातील म्हणतो."

"धुतलेल्या हातांनी नाही जात."

मी मोरीतून तांब्याभर पाणी, साबण आणि एक परात आणली, खाटेशी बसले आणि त्यांचे हात धुतले. उजव्या हाताच्या चिमटीची कातडी तंबाखूने कायमची पिवळी झालेली होती. जन्मभर बिड्या वळल्या होत्या त्यांनी. मी बोटाबोटाच्या बेचक्यातून साबण फिरवला. माझ्या पाठीमागे उजेड वाढला. गोरक्षने गोल दिवा पुढे ओढला होता.

"मॅडम, थोडं डावीकडे सरका," तो म्हणाला. "तुमची पाठ येतेय."

त्याने फोन दोन्ही हातांत आडवा धरला होता. मला त्या क्षणी त्याच्याशी बोलायचं नव्हतं. मी सरकले नाही. शाल बाजूला केली, फडकं सोडलं. वास खोलीभर उठला. मी गयाबाईंचा हात धरून त्यांच्या घोट्यावर ठेवला आणि सोडून दिला.

त्या चाचपत गेल्या. घोटा, टाच, पायाची वरची बाजू, अंगठा. तिथपर्यंत चेहरा निवांत होता. मग हात पुढे गेला आणि थांबला. त्यांनी काळं पडलेलं बोट चिमटीत धरलं आणि हाताच्या अंगठ्याने हलकं चोळलं, बिडीचं पान भिजलंय का वाळलंय हे बघताना चोळत असतील तसं. शेजारचं बोट तसंच धरलं. मग हात तळव्याकडे वळला, ओल्यात गेला आणि झटकन मागे आला.

 समोरच्या घरातली कात्री तेवढी ऐकू येत होती.

"गोरक्षा," त्या म्हणाल्या.

"हां आई."

"हे कोणाचं बोट आहे?"

"तुझंच आहे आई. खपली आहे ती. भरून येतंय."

"खपली माहितीय मला. तू रोज फडकं बदलतोस."

"हो की."

"म्हणजे रोज बघतोस."

 गयाबाईंच्या डोळ्यांतून पाणी गालांवर उतरायला लागलं. त्यांनी हात पुसायला पदराकडे नेला, मग आठवण झाल्यासारखा लांब धरून ठेवला. मी तो परत परातीत घेतला आणि धुवायला लागले.

"आई," फोनच्या मागून गोरक्ष म्हणाला, "जरा इकडे बघ ना. उजेडाकडे."

आणि त्यांनी बघितलं. इतक्या महिन्यांची सवय होती. आवाज आला त्या दिशेला त्यांनी मान वळवली, रडताना, आणि तशीच धरून ठेवली.

मी उठून एकशे आठला फोन लावला.

अँब्युलन्स आली तेव्हा गल्लीतल्या बायका जमल्या. गयाबाईंनी माझं मनगट धरलं होतं आणि त्या एवढंच म्हणत होत्या, "मला ने बाई, मला ने." गोरक्षने त्यांना उचलायला हात लावला. "तुम्ही व्हा पुढे," तो मला म्हणाला, "मी मागून गाडीवर येतो."

तो आला नाही. संगमनेरहून सिंधू आली, टेम्पो मिळाला त्यात बसून, पायात घरातल्याच स्लिपर. तिने आईचा पाय बघितला आणि वॉर्डच्या भिंतीला टेकून खाली बसली. "रोज बघत होते मी फोटो," ती म्हणत राहिली. "रोज बघत होते."

सर्जन तरुण होते. त्यांनी हातमोजे काढत सांगितलं, "गुडघ्याखालून काढावा लागेल. आधी आणलं असतं तर बोटांवर निभावलं असतं. आता उद्या सकाळीच घेऊ."

संध्याकाळी मी दवाखान्याच्या आवारात चहा घेत असताना धामणेसरांचा मेसेज आला. 'जिंकलंस, कुलथे.' खाली एक व्हिडिओ.

त्यात मी एका म्हाताऱ्या बाईचे हात धूत होते. माझी पाठ होती, माझा अर्धा चेहरा होता. बोलणं काढून टाकलं होतं आणि बासरी लावली होती. पाय कुठेच दिसत नव्हता. मग गयाबाईंचा चेहरा जवळून, उजेडाकडे वळलेला, गालांवरून पाणी. खाली अक्षरं आली: 'कंपनीच्या तज्ज्ञ ताईंनी घरी येऊन आईची सेवा केली. आईचे आनंदाश्रू.' आणि त्याखाली लिंक.

मी त्यांना फोन केला. "तो व्हिडिओ काढायला सांगा."

"वेडी आहेस का? लोक रडतायत खाली. दुपारपासून चूर्णाचे इतके डबे गेलेत, असं मी कधी बघितलं नव्हतं."

"मी मंजुरी दिलेली नाही."

"मी दिली. तुझ्या लॉगिनवरून. आता मुद्दा काय आहे?"

"त्या बाईंचा पाय उद्या कापणार आहेत, सर."

पलीकडे खुर्ची करकरली. मला वाटलं, पोचलं.

"उद्या ना," ते म्हणाले. "व्हिडिओ आजचा आहे."

उरलेला चहा मी झाडाच्या बुंध्याशी ओतला. नोकरी त्याच संध्याकाळी सोडली. जिथे जिथे तक्रार करता येते तिथे केली. पान बंद झालं, मग दुसऱ्या नावाने उघडलं. हे होऊन आता बरीच वर्षं झाली. मी एका शाळेत शास्त्र शिकवते. अजूनही कधीमधी कोणी लांबचं ओळखीचं मला तो व्हिडिओ पाठवतं आणि विचारतं, ही तूच ना, किती पुण्याचं काम केलंस.

त्या वेळी, ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी वॉर्डात गेले होते. ताप उतरला होता. गयाबाई उशीला टेकून होत्या आणि सिंधू त्यांना पेज भरवत होती. आवाज ओळखून त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला. पायाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या घरी कोण कोण असतं ते विचारत होत्या.

तेवढ्यात वॉर्डच्या दाराशी गोरक्ष दिसला. कपाळाला ताजं गंध, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. तो दारातच थांबून खाटांच्या रांगेवरून नजर फिरवत होता. सिंधूने वाटी खाली ठेवली. 

"कोण आलं?" गयाबाईंनी विचारलं.

सिंधूने तोंड फिरवलं. मी म्हटलं, "गोरक्ष."

"हातात काय आहे त्याच्या?"

"शहाळं आहे."

"दुसऱ्या हातात?"

मी बघितलं. "फोन."

त्यांनी माझा हात सोडला. छातीवरची चादर चाचपत धरली आणि डोक्यावरून ओढून घेतली. ओढताना ती पायाकडून वर सरकली.

"मी झोपलेय म्हणून सांग," चादरीतून आवाज आला. मग थोड्या वेळाने, आणखी हळू, "पाय झाकलाय का गं नीट?"

बँडेज उघडं पडलं होतं. मी उठले, खाटेच्या त्या टोकाला गेले, शेजारच्या रिकाम्या खाटेवरची चादर घेतली, त्यांच्या पायावर घातली आणि कडा गादीखाली खोचल्या, एक बाजू, मग दुसरी.

"झाकलाय, मावशी," मी म्हटलं, आणि गोरक्षच्या वाटेत उभी राहिले.